पोरगी सहा महिने बरी होती

बारावीच्या जीवशास्त्रात जनुकांच्या नियंत्रणाची ओळख एका जिवाणूपासून होते. ई. कोलाय नावाच्या या जिवाणूला दुधातली साखर मिळाली की ती पचवणारी जनुके तो चालू करतो आणि साखर संपली की बंद. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली हे मांडले आणि १९६५ साली त्यांना नोबेल मिळाले. धडा चांगलाच आहे. आकृतीला गुण असतात, म्हणून पोरे ती डोळे मिटून काढतात. प्रमोटर, ऑपरेटर, रिप्रेसर, बाणाचे टोक, नावे, सगळे बरोब्बर. पण कित्येक वर्षे ही आकृती फळ्यावर काढल्यावर माझी पुस्तक लिहिणाऱ्यांकडे एक तक्रार आहे. समोर बसलेल्या मुलांपैकी काही जणांच्या घरी सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे, कार्ड आहे. जनुक बंद होण्याचा जगात खूप अभ्यासलेला एक प्रकार त्यांच्या स्वतःच्या रक्तात घडून गेला आहे आणि त्याचे परिणाम ती दर पावसाळ्यात भोगतात. त्यांना आपण शिकवतो काय, तर जिवाणूने साखर कशी खाल्ली.

आमचा हा भाग पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा, धानाचा. रोवण्याच्या दिवसांत माझ्या वर्गातली उपस्थिती घसरते आणि त्याबद्दल मी कुणाला फार बोलत नाही. दिवसभर थंड चिखलात वाकून उभे राहायचे, वरून पाऊस, पाणी प्यायची आठवण नाही. धडधाकट माणसाची कंबर धरते. सिकलसेलवाल्यांचे तर हाडन् हाड ठणकायला लागते, कारण अंग गारठणे आणि शरीरातले पाणी कमी होणे ही दोन्ही या आजाराला आयती निमित्ते. अशाच दिवसांत एका मुलीचे वडील तिच्या रजेचा अर्ज घेऊन आले. मुलगी एसएस. एसएस म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेले जनुक आलेले. एकाकडूनच आले तर एएस, त्याला बहुधा काही त्रास होत नाही. आमच्याकडे ही इंग्रजी अक्षरे शेतमजूर बायकाही सहज बोलतात. अर्ज टेबलावर ठेवून ते उभेच राहिले.

"सर, एक इचारू का जी? पोरगी सहा मईने एकदम बरी होती. गुटगुटीत होती, खेरत होती. मंग हातापायाले सूज आली अन् रडू रडू बेजार. रगत त पयल्या दिवसापासून आमचंच हाय ना तिच्यात? मंग सहा मईने हे बिमारी कोठी लपून बसली होती?"

मुलीच्या आजीचे म्हणणे असे की पाचवीच्या रात्री सटवाईने लिहिले ते सहा महिन्यांनी उमटले. दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेले असते की आजार आनुवंशिक आहे, जन्मभर राहतो. खरे सांगायचे तर या दोन उत्तरांत त्या बापाला काही फरक वाटत नव्हता आणि मलाही फारसा वाटला नाही. दोन्ही उत्तरे एकच सांगतात, लिहिले ते लिहिले. त्याचा प्रश्न मात्र दोन्हींच्या पुढचा होता. लिहिलेले पहिल्यापासूनच होते, मग वाचले उशिरा का गेले?

हाच प्रश्न ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंना १९४०च्या दशकात पडला होता. डीएनएवाले वॉटसन वेगळे, त्यांचे नाव पोरांना पाठ असते, या बाईंचे नसते. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या तांबड्या पेशी मोठ्यांच्या पेशींइतक्या विळ्यासारख्या वाकत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बाळाच्या रक्तात गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन शिल्लक असते आणि तेच त्याला सांभाळत असावे, असा तर्क त्यांनी १९४८ साली मांडला. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे दाखवले. मग १९५६-५७ साली व्हर्नन इन्ग्राम यांना नेमकी जागा सापडली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, त्यांतले सहावे तेवढे बदललेले. एवढ्याशा फरकाने प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या लांब काड्या होतात आणि पेशी आतून ताठरते.

या भागाला आजाराचा पत्ता लागला तो त्याच दशकात. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ साली लॅन्सेटमध्ये आला. म्हणजे आजार आमचा, पण तो आमच्याकडे आहे हे कळले त्याला सत्तर वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी त्याला काय म्हणत असतील? वात, नजर, करणी. हाडे दुखून मेलेल्या पोरांची गणती कोण ठेवतो!

आता बापाच्या प्रश्नाकडे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा घराण्यातली पाच जनुके एका ओळीत आहेत. आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. मला या रचनेचे अजूनही नवल वाटते, कारण आयुष्यात ती साधारण ज्या क्रमाने कामाला लागतात त्याच क्रमाने ओळीत उभी आहेत. गर्भ काही आठवड्यांचा असतो तेव्हा एप्सिलॉन. मग पोटातला बहुतेक काळ गॅमा. गॅमापासून बनलेले हिमोग्लोबिन प्राणवायू जरा जास्त घट्ट धरते, म्हणून आईच्या रक्तातून तो ओढून घेणे बाळाला जमते. जन्माच्या आसपास गॅमा मंदावू लागते, बीटा वर येते आणि सहाएक महिन्यांत अदलाबदल जवळजवळ पुरी होते. तुमच्याआमच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जेमतेम एक टक्का उरलेले असते.

सिकलसेलचा बिघाड बीटात आहे. गॅमा चालू आहे तोवर बिघडलेल्या बीटाला रक्तात जागाच नसते, आणि थोडी असली तरी गॅमाचे हिमोग्लोबिन मध्ये आले की त्या काड्या लांबत नाहीत. सहा महिन्यांनी गॅमा बंद झाली आणि त्या पोरीचे हातपाय सुजले. आजार लपून बसलेला नव्हता, त्याला अडवणारे कोणीतरी कामावर होते, ते घरी गेले.

मी हे बोलीत, जमेल तसे सांगितले. त्यावर त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न मी आजवर कुठल्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. "मंग ते जे बंद झालं, ते मेलं का हायेच आंगात?"

आहेच. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, अगदी शाबूत. मुलीच्या आजारावरचा इलाज जन्मापासून तिच्याजवळच आहे, फक्त त्यावर कडी घातलेली आहे. आणि ती कडी लावणे जगण्यासाठी आवश्यक आहे असेही दिसत नाही. जगात काही माणसांमध्ये गॅमा जन्मानंतरही बंद होत नाही. ती माणसे निरोगी असतात, शेती करतात, म्हातारी होतात. अशा एखाद्याला सिकलसेलचे जनुक मिळाले तरी त्याला फारसा त्रास होत नाही. म्हणजे निसर्गाने उत्तर करून ठेवले होते. कडी कोण घालतो, एवढेच शोधायचे होते.

एवढेच म्हणताना त्यात कित्येक दशके गेली. १९८०-९०च्या काळात नामांकित प्रयोगशाळा या एका प्रश्नावर थकल्या. गॅमाच्या आसपासचा डीएनए पिंजून झाला, कडी घालणारा काही सापडेना. सापडला तो दुसऱ्याच गुणसूत्रावर आणि वेगळ्याच वाटेने. लंडनमध्ये स्वी ले थेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच इटलीच्या सार्डिनिया बेटावर काम करणाऱ्या गटाने, खूप माणसांचे रक्त तपासून पाहिले की ज्यांच्यात गर्भातले हिमोग्लोबिन थोडे जास्त उरते त्यांच्या डीएनएत वेगळे काय आहे. २००७-०८च्या सुमारास बोट दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकाकडे गेले. हे जनुक तोवर माहीत होते ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या संदर्भात. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन नावाचा विद्यार्थी होता. त्याने आणि सहकाऱ्यांनी तांबड्या पेशी तयार करणाऱ्या मानवी पेशींत या जनुकाचे प्रथिन कमी करून पाहिले, तर गॅमा पुन्हा चालू झाली. हे २००८ साली छापून आले. २०११ साली त्याच प्रयोगशाळेने सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींत हे जनुक बंद केले आणि उंदरांचा आजार हटला. थेन आणि ऑर्किन यांना २०२४ चे शॉ पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत त्या बातमीला किती जागा मिळाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मग सगळ्या रुग्णांच्या शरीरातले बीसीएल११ए बंद करून टाकायचे? ते जमणारे नाही. हे जनुक पूर्ण काढलेले उंदीर जन्मल्यावर थोड्याच वेळात मरतात. मेंदू घडायला ते लागते, बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी व्हायलाही लागते. ज्या मुलांमध्ये याची एक प्रत जन्मतःच निकामी असते त्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, पण त्यांची बौद्धिक वाढ मागे राहते. एकच प्रथिन मेंदूत एक काम करते, तांबड्या पेशीत दुसरे.

वर्गात समजावताना इथे मी मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, येतो. झाडीपट्टीतल्या पोरांना तलाव सांगावा लागत नाही. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव, त्यांची पाळ, पाळीतले तुडूम म्हणजे पाणी सोडायचे दार, तिथून निघणारे पाट हे त्यांचे रोजचे. एखाद्या बांधीत पाणी नको असेल तर कोणी पाळ फोडत नाही, त्या बाजूचे तुडूम तेवढे बंद करतात. बाकीच्या शेतांचे पाणी चालूच राहते. ऑर्किन यांच्याच गटातल्या डॅनियल बॉवर यांनी २०१३ साली असे तुडूम शोधले. बीसीएल११एच्या पोटातच डीएनएचा एक तुकडा आहे. त्यापासून प्रथिन बनत नाही. हे जनुक तांबड्या पेशींच्या वंशात किती जोराने चालावे ते मात्र तो ठरवतो, आणि मेंदूतल्या किंवा लिम्फोसाइटमधल्या जनुकाला त्याची गरज नसते. पुढे २०१५ साली त्या तुकड्यातली अगदी नेमकी, काही अक्षरांची जागा सापडली. तिथे एक काप दिला की तांबड्या पेशीत बीसीएल११ए ढेपाळते, कडी निघते, गॅमा चालू होते. काप द्यायला क्रिस्पर नावाची कात्री तोवर तयार झाली होती. तिच्यासाठी शार्पेंतिये आणि डाउडना या दोघींना २०२० चे नोबेल मिळाले.

इथे पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. काप कुठल्या पेशीत द्यायचा? तांबड्या पेशीत तर केंद्रकच नाही, कापायला डीएनए नाही. शिवाय ती जगते १२० दिवस, सिकलसेलवाल्याची तर दहा-वीस दिवस. शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी करते, त्या कुणाकुणाला कापत बसणार? म्हणून अस्थिमज्जेतल्या मूलपेशीपर्यंत जावे लागते. या पेशीचे अस्तित्व टोरांटोच्या टिल आणि मॅककुलॉक यांनी ज्या साली प्रयोगाने दाखवले तेही १९६१च, म्हणजे तो जिवाणूवाला धडा लिहिला गेला तेच वर्ष. दोन्ही गोष्टी एकत्र यायला पन्नास वर्षे लागली. मूलपेशी स्वतःची नक्कलही करते आणि तिच्यापासून तांबड्या, पांढऱ्या, बिंबाणू असे सगळे रक्तही होते. तिच्यात दिलेला काप तिच्या साऱ्या वंशात जन्मभर राहतो.

आणि या संशोधनातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथेच आहे. मूलपेशी हिमोग्लोबिन बनवत नाही. त्यामुळे काप दिल्यावर तिच्यात काहीच बदललेले दिसत नाही. तिची जी लेक पांढरी पेशी होते तिच्यातही तोच काप असतो, तिथेही तो मुका. ज्या लेकीने तांबडी व्हायचे ठरवले तिच्यातच त्या जागेचा उपयोग सुरू होतो आणि तिच्यातच तो काप बोलतो. एकच अक्षर, तीन पेशींत, आणि अर्थ फक्त एकीत. "रक्तातच आहे त्याच्या" असे आपण कुणाच्याही दुर्गुणाबद्दल किंवा जातीबद्दल किती बेफिकीरपणे म्हणतो! रक्ताला बिचाऱ्याला अक्षर कुठे वाचायचे आणि कुठे सोडून द्यायचे याची केवढी शिस्त सांभाळावी लागते.

यावर उभा राहिलेला उपचार ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर केला. रुग्णाच्या मूलपेशी रक्तातून गाळून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना काप द्यायचा, मग जुनी अस्थिमज्जा कर्करोगाच्या तीव्र औषधाने रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. रुग्ण काही आठवडे दवाखान्यातून हलू शकत नाही, त्या काळात साधा ताप जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये. हा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्या गावची सगळी जमीन इकली तरी?" मी उत्तर दिले नाही, हिशेब त्याने केलेलाच होता.

दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत आणि वेल्लोरच्या मूलपेशी संशोधन केंद्रात परवडणारा देशी इलाज घडवण्याचे काम चालू आहे, आणि त्यावर माझा भरवसा आहे. पण कात्री स्वस्त झाली तरी मज्जा रिकामी करण्याचे आठवडे, त्यासाठीच्या खोल्या, रक्ताच्या पिशव्या, त्यातले डॉक्टर हे सारे लागणारच. आमच्या तालुक्यातून गंभीर रुग्ण आजही चंद्रपूरला नाहीतर नागपूरच्या मेडिकलला न्यावा लागतो.

त्यामुळे या सगळ्या झगमगाटात मला एक साधी कॅप्सूल जास्त मोलाची वाटते. हायड्रॉक्सीयुरिया. मुळात कर्करोगाचे जुने औषध, भारतात बनते, स्वस्त आहे. रोज घेतली की बहुतेक रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन वाढते, दुखण्याचे झटके कमी होतात. म्हणजे १८ कोटींचा इलाज जी कडी पूर्ण काढतो, तीच ही गोळी थोडी सैल करते. अमेरिकेने १९९८ सालीच तिला सिकलसेलसाठी मान्यता दिली. आमच्याकडे ती सरकारी योजनेतून मिळते, पण मध्येच "संपली, पुढच्या आठवड्यात या" असेही ऐकावे लागते. एका खेपेची मजुरी बुडते, एसटीचे पैसे जातात, आठवडाभर गोळी चुकते. त्यात तिचा गुण दिसायला महिने लागतात आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते, म्हणून लोक कंटाळून सोडतात. भारतीय रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा मुळात जास्त असते, म्हणून आपला सिकलसेल सौम्य, असे काही काळ म्हटले जाई. नागपुरातल्या डॉक्टरांनी विदर्भातल्या मुलांच्या नोंदींवरून दाखवून दिले की सौम्य वगैरे काही सरसकट नाही. ज्यांनी रोवण्यात विव्हळणारी पोर पाहिली आहे त्यांना त्यासाठी नोंदींची गरज नव्हती.

गडचिरोलीत काम सुरू केले तेव्हाचा एक अनुभव डॉ. अभय बंग सांगतात. त्यांनी सिकलसेलचे सर्वेक्षण केले, आजार मोठ्या प्रमाणावर सापडला, सरकार जागे झाले, पण ज्यांच्यासाठी केले त्या लोकांना तो आपला प्रश्नच वाटला नाही. मला यात लोकांचे अज्ञान दिसत नाही. ज्या आजाराबद्दल "जन्माचाच आहे, बरा होत नाही" एवढेच सांगता येते, त्याची चाचणी करून माणूस काय करणार? आज सांगण्यासारखे थोडे जास्त आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. कार्डे वाटली जात आहेत. कार्डासोबत गॅमाची गोष्टही वाटली गेली तर बरे, नाहीतर कार्ड म्हणजे पाचवीचाच कागद, फक्त सरकारी शिक्का मारलेला.

मुलगी रोवणे संपल्यावर परत आली. वडिलांनी घरी सगळे सांगितलेले दिसले, कारण पहिल्याच तासाला ती विचारायला उभी राहिली, "सर, ते अठरा कोटीवालं केलं, मी बरी झाली, तर माझ्या लेकराले होणार नाही ना जी?"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी सांगितले की काप रक्ताच्या मूलपेशींना दिलेला असतो, बीजांडांना तो पोचत नाही. ती ठणठणीत झाली तरी तिच्या प्रत्येक लेकराला तिच्याकडचे एक एस जाणारच. नवरा एए, म्हणजे दोन्ही जनुके चांगली असलेला, असेल तर सगळी मुले एएस, त्रास नाही. नवरा एएस असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता एसएसची. आणि मज्जा रिकामी करणाऱ्या औषधाने मूल होण्यातच अडचण येऊ शकते, हेही तिला सांगितले, कारण ती विचारत होती आणि तिला कळत होते.

ती थोडा वेळ वहीत काही लिहीत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोराची तपासणी जास्त महत्त्वाची झाली ना सर? सगळे त पोरीचंच कार्ड मांगतात."

सोयरीक जुळवताना आमच्याकडे हेच होते. मुलीचा रिपोर्ट हातात घेऊन उजेडात धरतात आणि मुलाचा मागितला की "आमच्या पोराले काय झालं?" म्हणून ताड्कन उठतात. एएस मुलाला खरोखरच काही झालेले नसते, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय तो सापडत नाही.

पुढच्या महिन्यात कॉलेजात तपासणीचे शिबिर आहे. मुलींची यादी दोन दिवसांत भरली. मुलांची वही तीच घेऊन फिरते आहे. शनिवारी दोघा-तिघांनी तिला सांगितले की आम्हाला सुईची भीती वाटते. तिने त्यांची नावे लिहून घेतली आणि पुढे कंसात कारणही लिहिले.